धाग्याने पाडलेली खाच

बीरगांवात ब्लाउज शिवायला टाकायचा म्हटलं की बायका शारदाबाईंचं घर विचारतात. पुढच्या खोलीत मशीन, मशीनमागे खिडकी. खिडकी उघडी ठेवली तर कारखान्यांची काळी धूळ रिळांवर बसते. बंद ठेवली तर उन्हाळ्यात जीव जातो. शारदाबाई उघडीच ठेवतात. लग्न होऊन वर्ध्याकडून इकडे हिंदी मुलखात आल्या तेव्हापासून त्या धूळ पुसतात आणि धूळ परत येते. दोघींचं एकमेकींशी भांडण नाही.

त्यांची कैची फक्त कापडासाठी. धाग्यावर चालवली तर धार मरते, असं त्यांच्या आईने शिकवलेलं. म्हणून हूक लावून झालं, गाठ मारली, की हात आपोआप तोंडाकडे जातो आणि वरच्या समोरच्या दाताखाली धागा कट् करून तुटतो. तोंडात एरवी इमलीचा लाटा असतो. चिंच, मीठ, मिरची कुटून काडीला लावलेला गोळा. तो चघळत राहिलं की डोळ्यावर झोप येत नाही.

रुचिता ब्लाउज न्यायला आली ती दुपारची वेळ होती. पोरगी चौबे कॉलोनीतली, दवाखाना बीरगांवच्या मेन रोडवर, काम दातांचं. मराठी सगळं समजतं, पण बोलते हिंदी.

“काकू, ये क्या कर रही हैं आप?”

“हूक लावून राहिली. बस दोन मिनिटं.”

“हूक नहीं, दांत से! मुंह खोलिए ज़रा।”

“तू ब्लाउज न्यायले आली का माहे दात पाहाले?” असं म्हणत शारदाबाईंनी तोंड उघडलं.

त्या दाताच्या धारेवर एक खाच होती, धागा नेमका बसेल अशी. आत पिवळं दिसत होतं. थंड पाण्याची कळ कधीपासून येते, असं रुचिताने विचारलं. शारदाबाई म्हणाल्या, येते थोडी, माठाचं पाणी सोडलं मी.

कोपऱ्यात श्यामराव पेपर वाचत होते. शारदाबाईंचे यजमान, रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीतून रिटायर झालेले फिटर. त्यांनी पेपर खाली केला.

रुचिताने सांगितलं ते असं. दाताचं वरचं कवच जवळजवळ सगळं खनिजच असतं, वजनाने शंभरात शहाण्णव भाग. कॅल्शियम आणि फॉस्फेटचे बारीक स्फटिक दाटीवाटीने बसलेले. अंगात त्याहून कठीण दुसरं काही नाही, हाडसुद्धा नाही. साध्या लोखंडी खिळ्याने त्यावर ओरखडा निघणं मुश्कील.

“मंग चांगलंच हाय ना,” शारदाबाई म्हणाल्या. “खिळ्यानं होत नाही तं धाग्यानं काय होते?”

रुचिताने रिळाचा धागा दोन बोटांत धरून ओढला. बोटं कारखान्यांच्या खरखरीत धुळीने काळी झाली. ती तिने श्यामरावांना दाखवली.

“कानस हाय हा,” श्यामराव म्हणाले. त्यांना एवढं पुरे होतं.

त्यात चिंच. आंबटाने कवचातलं खनिज विरघळायला लागतं, वरचा थर काही वेळ मऊ पडतो. लाळ त्यातलं थोडं परत भरते, पण त्याआधीच पुढची गाठ येते आणि धागा येतो. घासून गेलं ते गेलंच. कवच घडवणाऱ्या पेशी दात बाहेर येईपर्यंत संपलेल्या असतात. नखं वाढतात, केस वाढतात, हे वाढत नाही. खाच आणखी खोल गेली तर दात उभा फुटेल.

शारदाबाईंनी आरशात पाहिलं. त्यांच्या आईचा समोरचा दात चाळिशीतच गेला होता, आणि मग ती माणसांत हसताना पदर लावायची. तीही ब्लाउजच शिवायची. याचा संबंध आजवर कोणी जोडला नव्हता.

रुचिताने खाच भरून दिली. अट एकच, धागा दाताने तोडायचा नाही. श्यामरावांनी बाजारातून छोटा कटर आणला, दोरीत ओवून बायकोच्या गळ्यात घातला. लाटा बंद झाला. आठवड्याच्या आत भरलेलं सगळं एका साडीच्या फॉलच्या गाठीवर निघून पडलं. कटर गळ्यातच होता.

दुसऱ्यांदा भरताना रुचिता हसली नाही. “काकू, अब टूटा तो दांत लेकर टूटेगा।”

मग श्यामराव पहाऱ्याला बसले. हात वर जाताना दिसला की ओरडायचे, “हां, चालला!”

“अवो, तुमी आपला पेपर वाचा. तुमच्या वरडण्यानं टाका हुकून राहिला माहा.”

“टाका उसवता येते. दात कुठून आणशील?”

शारदाबाई उठल्या. पेटी उघडून कोरोनातला मास्क काढला, आपणच शिवलेला, फुलाफुलांचा. तो लावून मशीनवर बसल्या. सुईत दोरा ओवताना टोक ओलं करायला वाटीत पाणी घेतलं.

“काय झालं जी?” गिऱ्हाईक बायका दारातूनच विचारू लागल्या. “कोरोना आला का परत?”

“हव. पण माह्याच घरी आला.”

काही बायका खरंच दोन पावलं मागे सरायच्या.

लग्नसराई संपता संपता एका सकाळी श्यामराव दोरीवरचे कपडे काढत होते. मास्क उजेडासमोर आला तेव्हा त्यांना डावीकडे भोक दिसलं. कडा झिजलेल्या, सुतं निघालेली.

“पूर्णिमाची माय, इकडे ये. तू याच्यातूनही चावून राहिली होती काय?”

शारदाबाईंनी मास्क हातात घेतला, भोकातून बोट काढलं. मग जिभेने दात चाचपला. भरलेलं जागेवर होतं.

“हात कुठं ऐकते,” त्या म्हणाल्या.

अस्तराच्या चिंध्यांतून त्यांनी एक तुकडा निवडला आणि नवीन मास्क कापला. डावीकडे आतून आणखी एक थर लावला. तो शिवून झाल्यावर गाठ मारली, आणि हात वर गेला.

“हां, चालला!” श्यामराव म्हणाले.

हात हनुवटीपाशी थांबला, आणि तिथून खाली येऊन गळ्यातला कटर चाचपू लागला.