आमच्या गल्लीचे गुण

आमच्या गल्लीला प्रोग्रॅमनं भरघोस गुण दिले, तेव्हा मला असा संताप आला की लॅपटॉप मिटूनच टाकला. चांगली गल्ली म्हणे, डोंबलाची!

तुळजापुरात घरी बसून मी पुण्याच्या एका ऑफिसचं काम करते. रस्त्यांचे फोटो प्रोग्रॅमला द्यायचे. तो त्यातली सावली, गाड्या, पायी चालणारी माणसं ओळखतो आणि कुठल्या गल्लीत चालणं किती सोपं ते ठरवतो. ज्या गल्लीला कमी गुण, तिच्या दुरुस्तीचं काम आधी, असं ठरलेलं. आणि इथं आमची आई गुडघ्याच्या ऑपरेशनपासून उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. गटार उघडं, दोन्ही बाजूंनी भाविकांच्या जीपा. गल्लीच्या त्या टोकाला तिची मैत्रीण, तिचेही गुडघे धरलेले. दोघी फोनवर बोलायच्या आणि फोन ठेवला की आई डोळ्यांना पदर लावायची. मला ते बघवत नसे.

मग गुण मिळाले कसे? ऑफिसनं फोटो काढायला माणसं पाठवली ती नेमकी नवरात्रात! तेव्हा गावात गाड्या बंद, रस्ते झाडलेले, वर मांडव, आणि जिकडंतिकडं अनवाणी चालणारी माणसं. प्रोग्रॅम बिचारा खूश. घट उठल्यावर इथं काय होतं, त्याला काय ठाऊक!

ऑफिसशी फोनवर भांडले. नवे फोटो पाठवा, बघू, म्हणाले. मंगळवारी, शुक्रवारी देवीची गर्दी, म्हणून साध्या दिवशी, बुधवारी, मोबाईल घेऊन निघाले, तर आई काठी घेऊन दारात उभी.

"मी बी येते. गटार कुठं कुठं उघडं हाय, दावते तुला."

"अगं, पडशील!"

"पडले तर फोटो काढ. लई कमी गुण पडतेल."

ती जीपांना धरधरून पुढं, मी फोटो काढत मागं. मैत्रिणीच्या ओट्यावर टेकली आणि दोघी गळ्यात पडून रडल्या. मीही रडले.

घरी येऊन फोटो प्रोग्रॅमला दिले. गुण उतरले, पण पुरेसे नाहीत. बघते तर प्रत्येक फोटोत एका बाईभोवती हिरवी चौकट. रस्त्यावर माणूस चालतंय म्हणजे रस्ता चालण्याजोगा, असा त्याचा हिशेब. म्हणजे आईला वगळून पुन्हा फोटो काढायचे, तरच आमचा नंबर लागणार. एवढी जिवावर उदार होऊन चालली, आणि तिलाच वगळायचं! आईला सगळं सांगितलं.

आई शेंगा फोडत होती.

"मग वगळ की," ती म्हणाली. "मी जाऊन आले. आता तिला इकडं येता आलं पायजे."