डाव्या पायाची पात

तर काल सांगत होतो, पुंजारामने बायकोलाही उद्दिष्ट दिलं. सत्यभामा भाकरी थापत होती. हा म्हणाला, "या आठवड्यात फक्त काठ फाटू द्यायचे नाहीत. चवीचं पुढच्या आठवड्यात पाहू." ती म्हणाली, "मंग या आठवड्यात तुमी काठच खा." आणि त्या दुपारी त्याच्या ताटात खरंच काठ तेवढे पडले.

हे वेड त्याने अमरावतीहून आणलं. पुंजाराम आमच्या तेल्हाऱ्यात वांगी-टमाटे पिकवतो आणि संध्याकाळी गावातल्या पोरींना फुटबॉल शिकवतो. टमाट्याचे वेल निघाले की मोकळं रान हेच मैदान, आणि वेलांना आधार दिलेले बांबू हाच गोल. अमरावतीच्या शिबिरात त्याला सांगितलं, पोराला एकदम मोठा खेळाडू हो म्हणू नका. एकच लहान उद्दिष्ट द्या, ते साधलं की पुढचं. पुंजारामला हसू आलं. म्हणाला, "हे तं निंदणच झालं."

निंदायला बसलेली बाई आपली पात धरते, म्हणजे आपली ओळ. धुरा, म्हणजे शेताचा बांध, येईपर्यंत ती दुसरीच्या ओळीत हात घालत नाही. घातला की दोन्हीकडं तण राहतं. पुंजारामने तशीच प्रत्येक पोरीला आठवड्याची पात लावून दिली. माझ्या नातीच्या, हर्षाच्या वाट्याला डावा पाय आला. तोवर तो पाय म्हणजे घरजावई, नुसता उभं राहण्यापुरता. समोरच्या निंबाच्या खोडावर नेम धरायचा होता. बॉल आधी कोंबडीला लागला, मग माझ्या गुडघ्याला, मग खोडाला. गुडघा सुजला, पण बॉल डाव्या पायाचा होता, म्हणून मी गावभर लंगडत मिरवलो.

रविवारी अकोल्यात सामना होता. त्यातून जिल्ह्याच्या संघात पोरी निवडायच्या होत्या. हर्षाला त्या संघात जायचं होतं. त्यापायी ती मामाच्या लग्नालाही गेली नव्हती. डाव्या पायाने तिने असे पास दिले की पाहणारे उठून उभे राहिले. बरोबरी होती, सामना संपत आला होता. बॉल नेमका तिच्या उजव्या पायाशी आला. गोलकीपर पडलेली, गोल रिकामा. गायीनेही ढकलला असता. हर्षा थांबली, वळली, बॉल डावीकडं घेऊ लागली. तेवढ्यात समोरची पोरगी आली आणि शेजारणीकडून विरजण न्यावं तसा तो घेऊन गेली. तिकडं गोल झाला, आम्ही हरलो.

"बाई, उजवा पाय काय उसना आणला होता?" मी विचारलं.

"आबा, माही पात डाव्याची हाय. अर्धी सोडून दुसरीत कशी शिरू?"

पुंजाराम तर कप जिंकल्यासारखा फुलला होता. इतक्यात निवड करणारे साहेब आले. "असा डावा पाय दुसऱ्या कोणाचा नाही," ते म्हणाले. "पोरीला घेतो. पण समोर रिकामा गोल असला तर उजवा मारायचा, हे तिला कोण सांगणार?"

मी पुंजारामचा सदरा मागून ओढला. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण तो शांतपणे म्हणाला,

"सांगतो ना साहेब, पन उद्या. डाव्याची पात आज दिवस बुडेपर्यंत चालू हाय."