हवेचा झटका

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, माझ्या म्हाताऱ्या आईपाशी नाही, आणि देवापुढे हात जोडतानाही हे तेवढं वगळूनच जोडले. तुमच्यापाशी बोलतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर — खरं सांगतो — आजही तुम्हाला ती दुसरीच गोष्ट ऐकवली असती, जी आमच्या सगळ्या शाळेला पाठ आहे.

मी भूगोलाचा मास्तर. रायपुरात, उरला या कारखान्यांच्या वस्तीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एक खाजगी शाळा आहे, तिथे चोवीस वर्षं अकरावी-बारावीला शिकवतो आहे. वडील रेल्वेत होते, वर्ध्याकडून बदलीवर आले आणि इथलेच झाले. घरी मराठी, शाळेत हिंदी. शाळेत रोलिंग मिलच्या कामगारांची मुलं जास्त. सकाळी पुसलेल्या बाकांवर दुपारपर्यंत काळी धूळ बसते. बोटाने त्यावर नाव लिहिता येतं.

माझा आवडता धडा वातावरणाचा. तो मी चांगला शिकवतो — निदान तसा माझा समज होता. मुलांना हात पुढे करायला लावायचो. म्हणायचो, या तळहातावर एक धडधाकट माणूस उभा राहावा एवढा भार हवा आत्ता टाकते आहे. तुम्हाला तो कळत नाही, कारण तो सगळीकडून सारखा आहे. एका बाजूने अचानक वाढला की मग कळतं. मुलं आपापल्या तळहाताकडे बघत बसायची. तेव्हा वर्गात जी शांतता व्हायची ना, ती मला फार आवडायची.

आणि मी मारायचो. हेही सांगायलाच हवं, नाही का? छडीने नाही, हाताने. कायद्याने बंदी होती, तशी नोटीसही स्टाफरूममध्ये लावलेली होती, पण त्या मुलांच्या घरून कोण तक्रार करणार होतं? मुलं मागून मला ‘चक्रवात सर’ म्हणायची. मला ते माहीत होतं. मला ते आवडायचंही.

ती अकरावीत होती. बाप भट्टीवर, आई घरीच शिवणकाम करायची. दुसऱ्या बाकावर बसायची, फार बोलायची नाही, पण एकदा विचारायला लागली की उत्तर मिळेपर्यंत उभी राहायची. भूगोलाच्या खोलीत कपाटात एक जुना वायुदाबमापक होता, गोल तबकडीचा, घड्याळासारखा. वर्षानुवर्षं कुणी त्याला हात लावला नव्हता. तिने विचारलं, रोज दोन वाजता त्याची नोंद ठेवू का? मी हो म्हटलं. मग चार महिने एक दिवस चुकला नाही. काचेवर बोटाने हळूच टिचकी मारायची, काटा स्थिर होऊ द्यायची, मग लिहायची. पाहुणे आले की मी तिला बोलावून दाखवायचो — बघा, माझी विद्यार्थिनी.

मार्चचा पहिला आठवडा होता. वार्षिक परीक्षेआधीची उजळणी चालू होती. ऊन त्या वर्षी लवकर चढलं होतं, आणि दोन दिवसांपासून हवेत एक चिकट ओलसरपणा होता, अंगाला चिकटणारा. मी वर्गाला सांगत होतो की दमट हवा जड असते, म्हणून अशा दिवशी आपल्याला जड-जड वाटतं.

ती उभी राहिली. “सर, नम हवा तो हल्की होती है न? भाप तो नाइट्रोजन से भी हल्की है.”

त्यात उद्धटपणा नव्हता. मी तिला खाली बसायला सांगितलं. मागच्या बाकावरच्या एकाने पुस्तक उघडून ती ओळच मोठ्याने वाचून दाखवली. वर्ग हसला. मीही हसलो. शाबास म्हणालो, फळा पुसला, दुरुस्त वाक्य लिहिलं.

ती बरोबर होती. दमट हवा हलकी, म्हणून ती वर चढते, थंड होते, तिचे ढग होतात, वीज होते — सगळं वादळ त्या हलकेपणातून उभं राहतं. आणि मी वर्षानुवर्षं ते उलटं सांगत आलो होतो. एवढीच तर चूक. मग बाहेर पडताना माझी कानशिलं का तापली होती? खिडकीतून पश्चिमेकडे कारखान्यांच्या धुराड्यांच्या वर तपकिरी-काळं आभाळ दिसत होतं, आणि मी मात्र त्या पोरीचं उभं राहणंच पुन्हा पुन्हा बघत होतो.

दोन वाजता ती भूगोलाच्या खोलीत आली. मी एकटाच होतो. तिने काचेवर टिचकी मारली, थांबली, परत टिचकी मारली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “सर, बहुत तेज़ी से गिर रहा है. छोटे बच्चे मैदान में हैं, उनको अंदर बुला लीजिए.”

आता बघा — काटा मलाही दिसत होता. आभाळही दिसत होतं. पहिली-दुसरीची मुलं खालच्या मैदानात खेळाच्या तासाला होती, त्यांचा आवाज वर येत होता. मला काय करायचं होतं? जिना उतरायचा आणि शिट्टी वाजवायची. बस.

मला ऐकू आलं ते एवढंच की ही पोट्टी आज दुसऱ्यांदा मला शिकवते आहे.

मी मारलं. उघड्या हाताने, पूर्ण ताकदीने, तिच्या डाव्या कानावर. गालावर नाही, कानावर. आवाज वेगळाच आला — फुगलेली कागदी पिशवी फोडल्यासारखा. हात कानावर सपाट बसला की आतली हवा दाबली जाते, तिला बाहेर पडायला वाट नसते, आणि पडदा जातो. हे मला माहीत होतं. हेच तर मी शिकवायचो.

ती पडली नाही. कपाटाला धरून उभी राहिली. कानाला हात लावला, बोटं बघितली. बोटांवर रक्त होतं, थोडंसंच. तोंड उघडून तिने दोनदा जबडा हलवला, गाडीत घाट उतरताना कानात दडा बसल्यावर आपण करतो तसा. रडली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. वळली आणि भिंतीला हात लावत जिना उतरून मैदानाकडे धावली.

मी काय केलं? मी कपाटाची काच बंद केली.

मग ते आलं. आधी धूळ आली, उरल्याची सगळी काळी धूळ एका भिंतीसारखी उठून आली, आणि वर्गांची दारं एकामागून एक आपटायला लागली. सायकल स्टँडचे टिनाचे पत्रे उचलले गेले. एक पत्रा सरळ मैदानावरून फिरत गेला आणि आमच्या शिपाई भैयाच्या खांद्यात घुसला. त्याचं ओरडणं वाऱ्यात तुटक तुटक ऐकू येत होतं. गारा पडल्या, लिंबाएवढ्या. खिडक्यांच्या काचा आतल्या बाजूला उडाल्या. पडवीत लहान मुलं एकमेकांच्या अंगावर पडून किंचाळत होती. आणि ती बाहेरून एकेकाला धरून आत ढकलत होती. तिच्या पांढऱ्या ओढणीवर डाव्या बाजूने लाल डाग पसरला होता. शेवटचं मूल तिने आत घेतलं आणि मैदानाच्या कोपऱ्यातल्या निलगिरीवर वीज पडली. झाड मधोमध फाटलं. साल, लाकडाच्या चिरफळ्या, धूर. क्षणभर कुणालाच काही ऐकू येईना.

अर्ध्या तासाने सगळं थांबलं. प्राचार्य मॅडम जखमी मुलं मोजत पडवीतून आल्या, तिच्यापाशी थांबल्या, ओढणी बघून विचारलं, हे कसं झालं?

ती बोलायच्या आत मी बोललो. म्हणालो, वीज अगदी जवळ पडली ना, हवेचा झटका बसला. कानाचा पडदा जातो अशाने.

इतकं सोपं होतं ते. माझ्या तोंडून निघालं, म्हणून ते शास्त्र झालं. हवेचं मला नाही कळणार तर कुणाला कळणार? मॅडमनी मान हलवली. ती माझ्याकडे बघत होती — तेव्हा मात्र बघत होती.

तिला स्कूटरवर बसवून दवाखान्यात मीच नेलं. यालाही लोक माझा चांगुलपणा म्हणाले. डॉक्टरने कानात दिवा घालून पाहिलं आणि तिलाच विचारलं, “थप्पड़ लगी है क्या?” रोजच अशा केसेस बघणारा माणूस. मी लगेच म्हणालो, नाही नाही, वीज पडली, मी तिथेच होतो. तिने डॉक्टरचा प्रश्न ऐकला की नाही, माझं उत्तर ऐकलं की नाही, मला आजही माहीत नाही. मी तिच्या डाव्या बाजूला बसलो होतो.

बाप पाळीवरून तसाच आला, हातांवर भाजल्याचे जुने डाग, डोळे लाल. मी त्याला औषधाच्या चिठ्ठीच्या मागे चित्र काढून दाखवलं — हा कान, हा पडदा, ही हवेची लाट. तो प्रत्येक रेघेला “हव गुरुजी, हव गुरुजी” म्हणत होता. मग वाकून माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागे घेतले नाहीत.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि थोड्या वेळाने विचारलं, “खरंच विजेनं फाटला का हो तिचा कान?”

“मंग मी काय खोटं बोलून राहिलो का?”

“नाही,” ती म्हणाली. “तुम्ही मघापासून उजवा हात काहून दाबून राहिले, म्हणून विचारलं.” त्यानंतर तिने कधी विचारलं नाही.

तो कान सुधारला नाही. वाहत राहिला. एकदा ऑपरेशन झालं, तेही टिकलं नाही. बारावीत ती पहिल्या बाकावर डाव्या टोकाला बसायची, उजवा कान फळ्याकडे करून. दोन वाजता वर यायची बंद झाली. पुढे वर्दीच्या नोकरीची लेखी परीक्षा ती पास झाली, दौडीतही निघाली, आणि वैद्यकीय तपासणीत कानावरून बाद झाली. ही बातमी स्टाफरूममध्ये आली तेव्हा मी चहा पीत होतो. मी म्हणालो, निसर्गापुढे कुणाचं काय चालतं. असं म्हणालो मी. कप खाली न ठेवता.

पण सगळ्यात वाईट हेही नाही.

दुसऱ्या वर्षी तोच धडा आला, आणि एका मुलाने विचारलं, सर, विजेने कान कसा फुटतो? मी सांगितलं. वर्गात ती शांतता झाली — तीच, मला आवडायची ती. तिसऱ्या वर्षी मी स्वतःहून सांगितलं. मग दरवर्षी. तिचं नाव घेऊन. गोष्ट वाढत गेली. त्यात मी जिना उतरून धावलो, मी दोन मुलांना काखेत उचललं. ती पडली आणि मी तिला सावरलं. शाळेच्या वार्षिकांकातही ती छापून आली. खालच्या वर्गातली मुलं मला थांबवून विचारायची, अकरावीत गेल्यावर विजेची गोष्ट सांगाल ना? तिच्या फुटलेल्या कानावर मी लोकप्रिय झालो. चक्रवात सर हे नावही मागे पडलं, कारण तेव्हापासून मी कुणावर हात उचलला नाही. याला पश्चात्ताप समजू नका. भीती होती ती.

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी तेलीबांध्याला तलावाकाठी बायकोबरोबर फिरत होतो. ती समोरून आली. आता तिशीकडे झुकलेली, नव्या रायपुरात कुठल्याशा ऑफिसात कामाला, बसमधून उतरून घरी निघालेली. मला वाटलं, तोंड फिरवून जाईल. ती थांबली. बायकोला नमस्कार केला. मग सावकाश फिरून उभी राहिली, चांगला कान माझ्या बाजूला येईल अशी. म्हणाली की तिची भाची आता आपल्याच शाळेत आहे, पुढच्या वर्षी अकरावीत जाईल. ती घरी येऊन सांगत होती की वरच्या वर्गातल्या मुली एका विजेच्या गोष्टीबद्दल बोलतात.

मी उभा होतो. बायको जवळच होती. आता ती सांगणार, असं मला वाटलं. आणि मनात कुठेतरी — खरं सांगतो — सुटल्यासारखंही वाटलं.

तिचा आवाज चढला नाही. “सुनाइए, सर, कहानी आपकी है,” ती म्हणाली. “बस उसमें मेरा नाम मत लीजिए.”

आणि गेली. बायको तलावाकडे बघत राहिली.

मला सांगता आलं असतं. तिथेच, त्या रस्त्यावर. किंवा दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत. किंवा तिच्या बापापुढे, तो अजून आहे, दमा झालाय, पण आहे. कुठेही सांगता आलं असतं.

यंदा वातावरणाचा धडा आला. मुलांनी तळहात पुढे केले. मग एकीने विचारलं, सर, ती विजेची गोष्ट? तिची भाची तिसऱ्या बाकावर होती. बाकीची मुलं पुढे सरकून बसली, ती तेवढी मागे टेकून माझ्याकडे बघत राहिली.

मी सांगितली. धूळ, पत्रे, गारा, निलगिरी, हवेचा झटका — सगळी. नाव तेवढं गाळलं.