नापास लॉटवरची सही

भाऊजींना, म्हणजे माझ्या दिरांना, मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

चाकणला आमचं प्रेसशॉप आहे, पत्रा दाबून गाड्यांचे सुटे भाग काढायचं. कंपनी माझ्या आणि भाऊजींच्या नावावर, मालाची तपासणी माझ्याकडे. माझ्या डिजिटल सहीचं टोकन, पेनड्राइव्हएवढं यंत्र ते, भाऊजींच्या ड्रॉवरमध्ये असायचं आणि पिन त्याच्यावरच चिकटवलेला. आमच्या पट्ट्यात घरोघरी हीच रीत: बायकोची, वहिनीची सही पुरुषाच्या टेबलात.

एकदा ब्रॅकेटचा एक लॉट मी नापास केला. भोकं सरकली होती. दुसऱ्या दिवशी लॉट गेला, माझ्या सहीच्या 'पास' रिपोर्टसकट. तो परत आला तेव्हा गिऱ्हाइकाच्या ऑडिटरनं चारचौघांत विचारलं, "मॅडम, सही तुमचीच ना? की न बघताच करता?" स्क्रीनवर सहीपुढे हिरवी टिक होती. पिन मीच देऊन बसलेली, बोलणार काय? पंधरा वर्षं व्हर्नियर हातात धरून कमावलेलं नाव त्या मिनिटात मातीत गेलं. भाऊजी शेजारी उभे राहून चहा पीत होते.

मी वाट पाहिली. सहीची मुदत दोन वर्षांची असते, आणि नवी काढायला ज्याची सही त्यालाच कॅमेऱ्यासमोर बसावं लागतं. ती संपली त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी तीनला एक मोठं टेंडर बंद होणार होतं. दोघांच्या सह्या लागत होत्या. भाऊजींना तारीख आठवत नव्हती. मला पाठ होती.

बाराला ते फोन घेऊन थेरगावला घरी आले. "वहिनी, कॅमेऱ्यात बघून नाव सांगा, माज्या मर्जीनं सही काढते म्हना. दोन मिनटांचं काम हाय."

"आधी त्या ऑडिटरला लिहा. लॉट मी नापास केला होता, सही तुम्ही मारलीत."

"आसं कसं लिहू? आब्रू जाईल की माजी!"

"कुणाची तरी जाणारच होती, भाऊजी."

नाक दाबलं की तोंड उघडतं. अडीचला त्यांनी मेल लिहिला. त्यातला 'गैरसमजातून' हा शब्द मी काढायला लावला. मेल गेल्यावर मी साडी बदलायला आत गेले, सावकाश केस विंचरले. दाराबाहेर ते ओरडत होते, "वहिनी, तीन वाजत्यात!"

मी बाहेर आले, कॅमेऱ्यात बघून नाव सांगितलं, स्वतःच्या मर्जीनं सही घेते आहे असंही सांगितलं. तीन वाजून सात मिनिटं झाली होती. टेंडर गेलं. कंपनी माझीही आहे, नुकसान माझंही झालं. तरी त्या दुपारी मी दोन घास जास्तच जेवले.