टीव्ही माझा, पिक्चर किसनचा

मास्तर माणसाला किश्श्यांची कधी कमी पडत नाही. वर्गातले असतात, तपासणीला आलेल्या साहेबांचे असतात. न मागता साठत जातात. पण चार मित्र जमले की माझ्याकडे फर्माईश होते ती आमच्या घरच्या टीव्हीच्या किश्श्यांची! टीव्ही माझा, घर माझं, चहा माझ्या बायकोचा, आणि किस्से सगळे किसनचे. आजही सांगताना पोटात दुखतं. तरी सांगतो.

नव्वदनंतरचे दिवस. टोकावड्याजवळच्या आमच्या गावात पहिला कलर टीव्ही मी आणला. रविवारी दुपारी मुरबाडहून भाड्याने व्हीसीआर यायचा आणि सोबत दोन कॅसेट. एक हिंदी, बदला घेण्याची. दुसरी इंग्रजी, अंतराळातली. इंग्रजीचा आग्रह माझा. मी बारावी सायन्स! आईची नजर काचबिंदूनं जवळजवळ गेली होती. पडद्यावर रंग हलतात एवढंच तिला कळायचं. ती टीव्हीच्या पुढ्यात पाट टाकून बसायची आणि मी तिला पिक्चर समजावून सांगायचो. मागे अख्खी आळी ऐकायची. माझी छाती फुगायची, खोटं कशाला बोलू?

किसन आमचा शेजारी. दोन खाचरं भात पिकवायचा. चुलतभावानं शेताचा बांध कोरला म्हणून मुरबाडच्या कोर्टात वर्षानुवर्षं तारखा करायचा. इंग्रजीचं एक अक्षर त्याला येत नव्हतं.

*

त्या रविवारी पडद्यावर उडती तबकडी उतरली. मी सुरू केलं, "आई, हे परग्रहावरचे लोक. प्रकाशाचा वेग म्हणजे..."

तेवढ्यात तबकडीतून हिरवा झोत निघाला आणि जमिनीवरून इकडून तिकडे फिरला.

मागून किसन ओरडला, "मोजणी आली!"

सगळी आळी सावरून बसली. आईनं विचारलं, "कुनाची रं?"

"यांची, काकी. पृथ्वीवाल्यांनी यांचा बांध कोरलाय. आता सोडतात काय!"

पुढे तबकडीवाल्यांनी अख्खं शहर जाळलं. एकालाही वाईट वाटलं नाही. "बरोबर हाय" म्हणत सगळे माना डोलवत होते!

मी चुका सुधारायला तोंड उघडलं, तर आई म्हणाली, "किसन, तूच सांग रं. हा शाळा घेतो."

*

पुढच्या रविवारी मी तयारीनं बसलो. पिक्चर होता काळात मागे जाणाऱ्या माणसाचा. मी दारावर खडूनं एक लांब रेघ मारली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: भूत, वर्तमान, भविष्य. मग खणखणीत आवाजात म्हणालो, "आता हा माणूस भूतकाळात शिरणार. भूत म्हणजे..."

"भुताचा हाय?" आई पाटावरून उठायलाच लागली. "बंद कर मेल्या, घरात सुवासिनी हाय!"

"भूत नाय ओ काकी," किसन म्हणाला. "जुना सातबारा काढाया गेलाय तो."

"मंग चालंल," म्हणून आई परत बसली.

संध्याकाळी बायको ओलं फडकं माझ्या हातात देऊन म्हणाली, "अहो, आधी दारावरचं भूत पुसा!"

*

एकदा लोखंडी माणसाचा पिक्चर होता. त्याला जाळलं, तोडलं, गाडीखाली चिरडलं, तरी हा आपला उठून उभा! मी मायक्रोचिप सांगत होतो. कुणी ऐकत नव्हतं. सगळे किसनच्या तोंडाकडे बघत होते.

किसन शांतपणे म्हणाला, "वारसनोंद झाली नाय. मरंल कसा?"

सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. आणि हसल्याबद्दल आठवडाभर स्वतःवर चिडून होतो.

*

मग मीही बदल्यावर उतरलो. मुरबाडच्या दुकानात जाऊन मुद्दाम अशी कॅसेट शोधली, की ज्यात मारामारी नाही, शत्रू नाही, जमीन तर नाहीच नाही! दोन माणसं यानात बसलेली. बोलत नाहीत. बाहेर काळोख. मनात म्हटलं, काढ बांध आता, कुठून काढतोस ते बघू!

अर्धा तास गेला. किसन गप्प. लोक जांभया देऊ लागले. मला तर उकळ्या फुटत होत्या.

आई कंटाळून म्हणाली, "किसन, करतात काय रं ते?"

"काय नाय, काकी. तारीख पडलीय. बसलेत कोर्टाभायेर."

आळी हळहळली. "आरारा!" आणि मग सगळ्यांनी तो पिक्चर शेवटपर्यंत पाहिला. इतक्या मायेनं तो पिक्चर दुसऱ्या कुठल्याच गावात कुणी पाहिला नसेल.

*

पण हिंदी बदल्याच्या पिक्चरला किसन तोंड उघडायचा नाही. हिरो बापाच्या खुन्याला लोळवायचा, लोक शिट्ट्या मारायचे, हा भिंतीला टेकून गप्प. मला वाटलं, याला अखेर काहीतरी जमत नाही! खूश होऊन विचारलं, "काय रे किसन, हा नाही सांगत?"

"यात काय सांगायचा, गुरुजी? तीन तासांत निकाल लागतो. आमी नाय धरत खरा."

त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्यावर चिडता आलं नाही, आणि चिडता आलं नाही याचाही राग आला.

*

पुढे घरोघरी टीव्ही आले, सीडी आल्या. किसनच्या मुलाला मुंबईत नोकरी लागली. त्यानं आसनगावला घर घेतलं आणि बापाला तिकडे नेलं. बांधाची केस तशीच राहिली. किसन जाताना आईच्या पाया पडला. आई रडली. मला मात्र आतून बरं वाटलं. आता टीव्हीही माझा आणि आईही माझी!

एका रविवारी मुरबाडला तीच उडत्या तबकडीची सीडी मिळाली. आईला आता रंगसुद्धा दिसत नव्हते. मी तिच्या पाटाला पाट लावून बसलो. सायन्स गिळलं. हिरवा झोत फिरला तसं म्हणालो, "आई, मोजणी आली."

"आली?" तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

मग मी थांबलोच नाही. कोरलेला बांध सांगितला, सातबारा काढला, वारस आणले, तारखा पाडल्या. शेवटी तर निकालही लावून टाकला, बांध होता तिथं परत घातला! गुडघ्यावरचा हात तसाच होता. पिक्चर संपला.

"कसा होता?" मी विचारलं.

"चांगला सांगतोस," आई म्हणाली. "पन किसन आला का परत लाव. तुला नीट दिसत नाय."