आचाऱ्याला हसणारा जावई

आमचे सासरे अण्णा विनोदाच्या आधी हसायचे. नारायण पेठेतल्या त्यांच्या घरी महायुद्धाच्या काळातली एक छोटीशी कार्टून फिल्म होती, काळीपांढरी, जुन्या बाजारात मिळालेली. ती त्यांनी इतक्यांदा पाहिली होती, की पडद्यावर काही घडायच्या आतच त्यांचं पोट हलू लागे.

फिल्ममध्ये एक जाडा सेनापती छाती फुगवून भाषण ठोकत असतो. शेजारी तोफगोळा पडतो, पण फुटत नाही. सेनापती त्याला दरडावतो, लाथ घालतो, शेवटी कान लावून ऐकतो आणि नेमका तेव्हा तो फुटतो. सगळी छावणी आकाशात. मागे कोपऱ्यात एक आचारी सूप ढवळत असतो. तोही उडतो, पातेल्यासकट खाली येतो, सूप चाखतो आणि चिमूटभर मीठ टाकतो.

"स्फोटाला कुणीही हसतं," अण्णा म्हणायचे. "आचाऱ्याला हसेल तो संसार करील."

हे त्यांनी अगदी मनावर घेतलं होतं. गौरीला पाहायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला पोह्यांबरोबर ही फिल्म दाखवली जाई. एकानं विचारलं, "रंगीत नाही का?" अण्णा म्हणाले, "नाही. तेव्हा बाँबही काळेपांढरेच पडायचे." आणि त्याला जिन्यापर्यंत पोचवून आले.

मी अमरावतीचा, वाघोलीत भाड्यानं राहणारा. गौरी आणि मी हडपसरला एकाच ऑफिसात, आमचं आपसात ठरलेलंच होतं. अडलं होतं ते फक्त अण्णांपाशी. कुठं हसायचं ते गौरी काही केल्या सांगेना. "ती कॉपी होईल," म्हणाली. बापाचीच मुलगी.

मी मामाला घेऊन गेलो. गोळा फुटला तसा मामा मांडीवर थाप मारून हसला. "लय जोरात फुटला बाप्पा."

"आपल्याला लागलं नाही ना कुठं?" अण्णांनी विचारलं.

मामानं पोह्यांची बशी पुढं ओढली. आता संपलंच, असं मला वाटलं. तेवढ्यात आचाऱ्यानं मीठ टाकलं आणि मला हसता हसता असा ठसका लागला की पोहे नाकात गेले. बाबांनी घर डोक्यावर घेतलं की आमची आई अशीच शांतपणे वरण चाखून बघायची.

अण्णांनी फिल्म थांबवली. "साखरपुड्याचं कधी बघायचं?"

पुढं वयानं अण्णा विसरू लागले. आधी चष्मा, मग पेठेतल्या गल्ल्या, मग माझं नाव. परवाच्या रविवारी मी त्यांना फिल्म लावून दिली. ते आधी हसलेच नाहीत. स्फोट झाला, आचारी खाली आला, त्यानं मीठ टाकलं आणि मग अण्णा हसले. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मीही हसलो.

"छान आहे हो. कुठून आणलीत?" म्हणाले. मग माझ्याकडे निरखून पाहत, "आपण आचाऱ्याला हसलात."

"हो."

"लग्न झालंय आपलं?"

गौरी पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. "नाही अजून," मी म्हटलं.

अण्णा माझ्याकडे सरकले आणि हळूच म्हणाले, "आमची गौरी आहे. जरा तिखट आहे, पण बघून घ्या."

गौरीनं बशा पुढ्यात ठेवल्या. "मुलगा पसंत आहे, अण्णा."

अण्णांनी समाधानानं एक घास घेतला. "मीठ कमी आहे," म्हणाले.

गौरी डोळे पुसत मीठ आणायला आत गेली.