पपांनी तपासलेली तिकिटं

पपा भुईगावचे पोस्टमन होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी कुणाच्या फाटकाची कडी कशी उघडते हे त्यांना अजून पाठ आहे. मुंबईच्या एका संग्रहालयात दुर्मीळ टपाल तिकिटं मांडलीत असं कळल्यावर मी त्यांना गाडीत घालून घेऊन गेले. वाटलं, खूश होतील.

पहिल्याच काचेपाशी तिथल्या मार्गदर्शक बाई कौतुकानं म्हणाल्या, "यातलं एकही तिकीट वापरलेलं नाही. म्हणून एवढा मान."

"म्हणजे पत्र टाकलंच नाही," पपा म्हणाले. "मग मान कसला?"

पुढच्या तिकिटावर चित्र उलटं छापलं होतं. छपाईतली चूक, आणि अख्ख्या दालनात तेच सगळ्यात मौल्यवान, हे ऐकून पपांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ते मीच छापलं होतं. "आमचा शिक्का जरा तिरका पडला तरी साहेब ओरडायचा!"

मग ते तिकिटं सोडून पाकिटांकडे वळले. एका जुनाट पाकिटावर शेरा होता, 'पत्तेदार सापडत नाही, परत.' पत्ता वाचायला पपा एवढे वाकले की नाक काचेला टेकलं आणि धोक्याची घंटा वाजायला लागली. सुरक्षारक्षक धावत आला.

"काका, काचेला हात लावू नका!"

"हात कुठे लावला? नाक लागलं. आणि हे बघ, गल्ली लिहिलीय, देवळाच्या मागे लिहिलंय, बापाचं नाव लिहिलंय. आणखी काय नकाशा काढून द्यायचा? त्या पोस्टमनने शोधलंच नाही."

रक्षक वाचायला वाकला. "खरंच की," म्हणेस्तोवर त्याचंही नाक टेकलं. घंटा पुन्हा वाजली. बाईंनी कपाळाला हात लावला.

निघताना पपांनी तिथल्या दुकानातून एक कार्ड घेतलं, मम्मीला चार ओळी लिहिल्या आणि बाहेरच्या पेटीत टाकलं.

"पपा, संध्याकाळी आपण घरीच असू."

"तो भाग वेगळा."

कार्ड नवव्या दिवशी आलं. आमच्या नव्या पोस्टमन बाईंना पपांनी ओटीवर बसवलं, पुढ्यात वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी ठेवली आणि अर्धा तास फैलावर घेतलं. सुकेळी संपवून बाई पाणी प्यायल्या.

"काका," त्या म्हणाल्या, "कार्ड कधीचंच आलं होतं. पण तुमचं अक्षर वाचायला सगळं ऑफिस बसलं होतं."

मम्मी आतून हसली, ते ओटीपर्यंत ऐकू आलं.